वरचा मजला

मनकर्णाबाई भाजीची पिशवी घेऊन गल्लीत वळल्या तेव्हा त्यांच्या फाटकासमोर एक मोटारसायकल उभी होती आणि एक तरुण मोबाईल आडवा धरून त्यांच्या घराचा फोटो काढत होता. शेजारी त्याची बायको, डोक्यावर ओढणी, उन्हानं डोळे बारीक करून वरच्या मजल्याकडे बघत होती. त्यांना वाटलं, मीटरवाले असतील. पण मीटरवाले बायको घेऊन येत नाहीत, आणि रविवारी तर येतच नाहीत. “कोण पाहिजे?” त्यांनी विचारलं. तरुण गडबडला, मोबाईल खाली घेत म्हणाला, “काकू, विकायला काढलेलं घर हेच ना? जाहिरातीत बघितलं. फोन लावला तर कुणी उचलला नाही, म्हटलं बाहेरूनच बघून जावं.” त्यानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. फोटो दिवाळीतला होता. फाटकावर झेंडूचं तोरण, ओट्यासमोर रांगोळी, आणि अगदी डाव्या कडेला हिरव्या काठाच्या बाहीतलं एक कोपर. ते कोपर त्यांचं होतं. रविराजनं, त्यांच्या मुलानं, तो फोटो काढला होता. आई, जरा इकडं बघ, असं तो म्हणाला होता आणि त्या रांगोळीच्या कडेला उभ्या राहून हसल्या होत्या. आता त्या तिथं नव्हत्या. आई कापून काढताना कोपर तेवढं राहून गेलं होतं. खाली लिहिलं होतं, अंबाजोगाईत प्रशस्त दुमजली घर, तातडीने विकणे, मालक पुण्यात.

मालक पुण्यात. हे दोन शब्द त्यांनी पुन्हा वाचले. पिशवीतली मेथीची जुडी सरकून बाहेर आली होती, ती त्यांनी आत दाबली. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून उभी हयात काढलेल्या बाईचा एक गुण होता, आणि तो त्यांना स्वतःला ठाऊक होता: जेवढा मोठा धक्का, तेवढे त्यांचे हात थंड आणि स्थिर व्हायचे. घाबरायचं ते नंतर, घरी येऊन, चहा पिताना. आत्ताही तसंच झालं. नाही म्हणता आलं असतं, काहीतरी चुकलंय बाबा, म्हणून फाटक लावून घेता आलं असतं. पण समोरचे दोघं उन्हात उभे होते आणि त्या मुलीनं नकळत एक हात कमरेवर ठेवला होता. “बाहेरून काय कळतं?” मनकर्णाबाई म्हणाल्या, “या आत.” आणि स्वतःच्याच घराचं फाटक उघडताना त्यांना पहिल्यांदा जाणवलं की त्याची कडी वर उचलून मग ओढावी लागते, आणि नव्या माणसाला हे सांगावं लागतं.

तरुणाचं नाव अभिमन्यू. इथल्या एका खासगी कॉलेजात तो गणित शिकवत होता. बायको धनश्री, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. दोघंही चौसाळ्याकडचे. अभिमन्यूनं प्रश्न पाठ करून आणले होते, व्हिडिओ बघून बघून आणले असावेत. प्लॉट एन.ए. आहे का, बांधकाम परवानगी दोन्ही मजल्यांची आहे का, बोअरला पाणी किती, घर पूर्वेला तोंड करून आहे का. मनकर्णाबाई एकेकाचं उत्तर देत गेल्या, आणि देता देता एक विचित्र गोष्ट झाली. आपण दुसऱ्याच कुणाचं तरी घर दाखवतोय असं त्यांना वाटायला लागलं. ही बैठक. हो, थोडी अरुंद आहे. ही पश्चिमेची भिंत, श्रावणात ओल धरते, दोनदा रंग दिला, उपयोग नाही, बाहेरून गिलावा खरवडून पुन्हा करायला पाहिजे. बोअर चैत्रापर्यंत चालतो, पुढं टँकर. न्हाणीघराचा उतार चुकलाय. गवंड्याला मी तेव्हाच सांगितलं होतं, तो म्हणाला, बाई, पाण्याला वाट सापडती. नाही सापडली. अभिमन्यू त्यांच्याकडे बघतच राहिला. इतक्या घरांत जाऊन आला होता, घरमालक असं सांगत नाहीत. “काकू, तुम्ही विकायला बसलात की मोडायला?” तो हसून म्हणाला. त्याही हसल्या. मनात मात्र आलं: ज्या भिंतीच्या ओलीवर आपण वर्षानुवर्षं चिडलो, ती ओल परक्यापुढं सांगताना आपला आवाज असा का होतो, आपल्याच पोराच्या खोड्या पाहुण्याला सांगाव्यात तसा?

हे घर त्यांनी हट्टानं इथं बांधलं होतं. नवरा, राधाकिशन, परळीला थर्मलमध्ये, कोळशाच्या वीज केंद्रात, कामाला. त्याला परळीतच जागा घ्यायची होती, रेल्वे स्टेशनाजवळ, कामावर पायी जाता येईल अशी. मनकर्णाबाईंनी तिथली एक जागा बघितली होती. दुपारची वेळ, शेजारणीनं दोरीवर पांढरं धोतर वाळत घातलेलं, आणि ते काढताना तिनं ते झटकलं तेव्हा राखेचा एक लहानसा ढग उडाला. शेजारीण शिंकली आणि त्याची सवय असल्यासारखी आत गेली. मनकर्णाबाई तिथूनच परत फिरल्या. “तुम्ही रोज बसनं जा,” त्या राधाकिशनला म्हणाल्या, “माझा पोरगा ही राख खाणार नाही. अंबाजोगाईला शाळा आहे, कॉलेज आहे, माझी नोकरी आहे.” आणि तो गेला, रोज बसनं, निवृत्त होईपर्यंत, कधी एका शब्दानं तक्रार न करता. फक्त घरी आल्यावर ओट्यावर बूट काढून ते एकमेकांवर आपटायचा आणि म्हणायचा, घे, आणली थोडी तुझ्यासाठी. तो गेल्यालाही आता चार पावसाळे झाले. माणूस जातो तेव्हा त्याचे विनोद कुठं जातात, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या धनश्रीला म्हणाल्या, “हे स्वयंपाकघर. ओटा माझ्या उंचीनं केलाय, तुला जरा ठेंगणा होईल.”

पाया खोदला तेव्हा मनकर्णाबाईंचे वडील बघायला आले होते. बंकट धनगर. मेंढरं घेऊन दिवाळी झाली की गोदाकाठाकडं निघणारा माणूस, आज या शेतात, उद्या त्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, दोरीच्या जाळीचं कुंपण ठोकायचं, सकाळी उपटायचं, घोड्यावर टाकायचं. मनकर्णाला त्यांनी मामाकडं चौसाळ्याला ठेवलं म्हणून तिची शाळा झाली; नाहीतर तीही त्या घोड्याच्या मागं चालत राहिली असती. बंकट पायाच्या चराच्या कडेनं चालले, एक फेरी, मग उलटी एक फेरी. खांद्यावरचं घोंगडं सावरत म्हणाले, “लई खोल घेतलंय बाई. एवढं खोल कावून?” ती म्हणाली, “दादा, वर अजून एक मजला चढवायचाय कधीतरी.” त्यांनी चरात डोकावलं. “आन् पाणी आटलं मंग? हे काय उचलून नेता येत न्हाई.” तिनं तेव्हा जे उत्तर दिलं होतं ते आज आठवून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. ती म्हणाली होती, “दादा, आता पाण्याच्या मागं आम्ही जाणार नाही. पाणी आमच्याकडं येईल.” आणि आलं; कधी नळानं, कधी टँकरनं, एका वर्षी तर रांगेत घागरी लावून, पण आलं. बंकट मात्र नंतर कितीदा आले तरी आत झोपले नाहीत. ओट्यावर घोंगडं टाकायचे. छत असलं की छातीवर कुणी बसल्यागत होतं, म्हणायचे. लोक म्हणतात, धनगराच्या पोरीनं घर बांधलं म्हणजे ती त्याला चिकटून बसणार. रविराजलाही तसंच वाटत असणार. आई ऐकणार नाही, रडेल, म्हणून गुपचूप. मनकर्णाबाईंना राग यायला लागला तो इथं. घर विकायच्या विचाराचा राग नव्हता. घर म्हणजे काही देव नाही. गरज पडली तर विकतात, घेतात, आणि नव्या ठिकाणी चूल पेटतेच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मेंढरांमागं चालणाऱ्या आईच्या पोटी, पालात, त्या जन्मल्या होत्या. राग याचा होता की पोरानं गृहीत धरलं. विचारलं असतं तर दोघं बसून बोललो असतो.

“वर काय आहे, काकू?” धनश्रीनं विचारलं. “वर मुलाचं आहे,” त्या म्हणाल्या, आणि जिन्याच्या दाराची किल्ली घेऊन पुढं झाल्या. वर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढं गच्ची. राधाकिशननं निवृत्तीनंतर, रविराजचं लग्न ठरलं तेव्हा हा मजला चढवला होता. फरशी कुठल्या रंगाची घालू, म्हणून त्यानं पुण्याला फोन केला होता; कुठलीही घाला बाबा, असं उत्तर आलं होतं, तर हा माणूस तीन दुकानं फिरला आणि शेवटी फिकट पिवळी घेऊन आला. सुनेला, संस्कृतीला, उजेड आवडत असेल, म्हणाला. संस्कृती आणि रविराज लग्नानंतर दोन रात्री इथं राहिले. पुढं जेव्हा आले तेव्हा खालीच. वर कोण जातंय, एका दिवसासाठी. गॅसच्या ओट्यावरच्या काळ्या दगडावर दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता. नळाच्या तोंडाला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. मनकर्णाबाई आठवड्याला वर येऊन झाडायच्या, खिडक्या उघडायच्या, पुन्हा लावायच्या. कुणी विचारलं असतं तर त्यांना खरंखुरं सांगता आलं नसतं की हे कुणासाठी. रवीसाठी, असं त्या म्हणायच्या. समोरचे उत्तरेश्वरराव, ज्यांचं सिमेंटचं दुकान होतं आणि गल्लीतल्या प्रत्येक घराबद्दल ज्यांना मत होतं, ते कितीदा म्हणाले होते, सिस्टर, वरचं कुणाला देऊ नका बरं, भाडेकरू घुसला की निघत न्हाई, पोराचं हाय, पोरासाठी ठेवा. आणि त्यांना ते पटायचं. निदान पटवून घ्यायला सोपं होतं. ज्या खोलीत कुणी येणार नाही ती झाडत राहणं हे काही दुःखाचं वाटत नाही; उलट, त्यानं दिवसाला एक काम मिळतं. दुःख आज वाटलं, कारण आज तिथं दोन माणसं उभी होती आणि खोली एकदम आपल्या खऱ्या मापाची दिसायला लागली.

धनश्रीनं नळाचं प्लॅस्टिक काढलं. “बघू का?” तिनं विचारलं आणि उत्तराआधीच नळ फिरवला. आधी नुसती हवा. नळ खोकला, थरथरला, मग तांबडं पाणी, मग गढूळ, मग हळूहळू स्वच्छ. धनश्री मोठ्यानं हसली आणि ओल्या हातानं चेहरा पुसून तिथंच भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. “थकलीस?” मनकर्णाबाई जवळ गेल्या. खालीच त्यांच्या लक्षात आलं होतं, आता विचारलं, “कितवा?” “पाचवा लागलाय.” “पाय सुजतात?” “संध्याकाळी.” त्यांनी वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला, सोडला, खळगा लगेच भरून आला. “ठीक आहे. मीठ कमी कर. पाय उशीवर घेऊन पडत जा.” अभिमन्यू दाराशी उभा होता. त्याचा चेहरा बदलला होता. “काकू,” तो म्हणाला, “खोटं बोलून तुमचा वेळ घेतला. आम्ही हे घर घेऊ शकत नाही. जाहिरातीतला आकडा वाचला तेव्हाच कळलं होतं. आम्ही नुसते बघायला येतो. रविवार आला की कुठलंतरी घर बघतो.” धनश्री खालूनच म्हणाली, “लोक बागेत जातात ना, तसं.” मग दोघंही बोलले, एकमेकांचं वाक्य तोडत. बस स्टँडच्या मागं त्यांची एक खोली होती, संडास पाच घरांत मिळून, आणि मूल होणार कळल्यावर मालकानं खोली सोडायला सांगितली होती. लहान पोरं भिंती घाण करतात, म्हणाला. चार-पाच जागा बघितल्या, कुणी जात विचारतं, कुणी मांस खाता का विचारतं, कुणी सरळ म्हणतं, पोरं झाल्यावर या, तेव्हा बघू. “माफ करा,” अभिमन्यू म्हणाला, “घर फार छान आहे. ओल सोडून.”

मनकर्णाबाई गच्चीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. खाली गल्ली, उत्तरेश्वररावांच्या दारात सिमेंटची पोती, पलीकडं योगेश्वरीच्या देवळाच्या वाटेवरची गर्दी. हे सगळं त्या रोज बघत होत्या, पण खालून. वरून गल्ली रुंद वाटत होती. पुण्याला रविराजच्या फ्लॅटच्या खिडकीतून असंच खाली दिसायचं, फक्त तिथली माणसं फार लहान दिसायची, आणि फाटकावरचा पहारेकरी प्रत्येक वेळी विचारायचा, कुणाकडं जायचंय आजी. संस्कृती चांगली मुलगी होती, बिनसाखरेचा चहा न विसरता द्यायची. तिथं काहीच वाईट नव्हतं, आणि तरी तिथं त्या सकाळी उठून अंथरुणावर बसून राहायच्या, घर जागं व्हायची वाट बघत. इथं त्यांच्या उठण्यानं घर जागं होतं. एवढाच फरक, पण एवढ्या फरकानं माणूस माणूस राहतो. त्या वळल्या. “घर विकायचं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज वॉर्डात यायचा तसा आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “ती जाहिरात चुकीची आहे. पण हा मजला भाड्यानं द्यायचाय.” बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण हे आत्ता, या क्षणी ठरवलं, आणि लगेच असंही वाटलं की ठरवून फार दिवस झाले होते, फक्त ऐकू आलं नव्हतं. धनश्री उठायला गेली, त्यांनी हातानंच बस म्हणून सांगितलं. “अकरा महिन्यांचा करार रीतसर करायचा. पोलीस ठाण्यात नोंद मी करून घेईन, लाजायचं नाही त्यात, तुमच्यासाठी आणि माझ्यासाठीही बरं. पाण्याची टाकी एकच आहे, ती पुरवून वापरायची. आणि लेकरानं भिंतीवर काही काढलं तर काढू दे. भिंती त्यासाठीच असतात. पण माझ्या पोराशी मला आधी बोलायचंय. शनिवारनंतर फोन करा.”

दुपारी त्यांनी रविराजला फोन लावला. “रवी, घराला गिऱ्हाईक आलं होतं.” पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. “आई, मी तुला सांगणार होतो…” “फोनवर नको. शनिवारी ये. येशील ना?” “येतो.” फोन ठेवल्यावर त्यांनी चहा केला आणि चहा पिताना हात थोडे कापले. कापू दिले. मधल्या दिवसांत गल्लीला कसं कोण जाणे, सगळं कळलं. उत्तरेश्वरराव दोनदा येऊन गेले. एकदा म्हणाले, विकायचंच तर बाहेरच्याला कावून, मला सांगा की. दुसऱ्यांदा म्हणाले, भाडेकरू म्हंजी डोक्याला ताप हाय, मागून म्हणू नका, सांगितलं न्हाई. मनकर्णाबाईंनी त्यांना दोन्ही वेळा चहा दिला आणि म्हटलं, “उत्तरेश्वरराव, ताप उतरवायचंच काम केलंय मी जन्मभर.” ते हसत गेले. पण शुक्रवारी सकाळी वर झाडताना मात्र त्या थांबल्या. मोकळ्या खोलीत झाडूचा आवाज फार होतो. उद्या रवी म्हणाला, आई, आम्ही येतोय परत, नोकरी सोडून, कायमचे, तर? असं तो म्हणणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी झाडू हातात तसाच राहिला. वाट बघायची सवय असते, ती मोडायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि म्हणूनच ती मोडायला जड जाते. मग त्यांनी नखानं ओट्यावरचा दुकानाचा कागद उचकटायला सुरुवात केली. गोंद चिवट होता. रॉकेल लावलं, चाकूची बोथट बाजू घासली, तेव्हा निघाला, आणि खालचा दगड इतका काळाभोर चमकला की त्यात त्यांचा चेहरा दिसला.

शनिवारी दुपारी रविराज आला, एकटाच, गाडी चालवून. वजन वाढलेलं, डोळ्यांखाली सूज. जेवताना दोघंही हवापाण्याचं बोलले. ताट धुवायला तो उठला तेव्हा त्या म्हणाल्या, “राहू दे. बस. आता सांग.” तो बसला. “मी विकत नव्हतो. भाव काय येतो ते बघत होतो फक्त.” “मालक पुण्यात, असं लिहिलंस.” त्यानं ताटातलं शीत बोटानं कडेला सारलं. “फोटोतनं मला कापलंस.” यावर त्यानं मान वर केली, आणि त्याचा चेहरा असा झाला की त्या क्षणभर विसरल्या हा चाळिशीकडं आलेला माणूस आहे. “संक्रांतीला तू मागच्या पायरीवर पडलीस,” तो म्हणाला. “मला उत्तरेश्वरकाकांचा फोन आला. काका म्हणाले, सिस्टर उठत नाहीत. एवढंच बोलले आणि फोन कट झाला. मी निघालो. नगरपर्यंत तुझा फोन लागेना, त्यांचा लागेना. पाटोद्याला पोचलो तेव्हा तू स्वतः फोन केलास आणि विचारलंस, जेवलास का. आई, त्या रस्त्यावर मी काय काय बघितलं डोळ्यांपुढं, तुला सांगता येणार नाही. तेव्हापासून रात्री फोन वाजला तरी मला घाम फुटतो. मला हे घर नको. तू पाहिजेस, डोळ्यांसमोर. तू नाही म्हणशील म्हणून…” मनकर्णाबाईंना ते माहीत नव्हतं. पायरीवरून त्या पडल्या, घोटा मुरगळला, दोन दिवसांत चालायला लागल्या. त्यांच्या लेखी ते तिथंच संपलं होतं. आपल्या पडण्याचं एक दुसरं टोक होतं आणि ते तीनशे किलोमीटर लांब, एकटं, गाडी चालवत होतं, हे त्यांच्या मनात कधी आलंच नाही. त्यांचा राग कुठंतरी विरघळला, पण निर्णय तसाच राहिला, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात याचं त्यांना बरं वाटलं.

“रवी, माझं ऐक,” त्या म्हणाल्या. “घर माझ्या नावावर आहे म्हणून बोलत नाही. एक दिवस मला जमणार नाही. गुडघे जातील, डोळे जातील. त्या दिवशी मी तुला सांगेन, चल विकू, आणि मीच गिऱ्हाईकाला ओल दाखवेन. तुझ्याकडं येईन, संस्कृतीचा चहा पिईन. पण तो दिवस मी ठरवणार. तू घाबरलास म्हणून नाही.” “आणि तोपर्यंत तू परत पडलीस तर?” “तर वरची माणसं येतील धावत.” “कुठली वरची?” “वरचा मजला भाड्यानं द्यायचा ठरवलाय मी. कॉलेजातला मास्तर आहे, बायको लॅबमध्ये, पोटुशी आहे. अजून शब्द दिला नाही, तुला सांगून देणार होते. पण देणार आहे.” रविराजच्या तोंडून लगेच निघालं, “माझा मजला?” “हो.” “मला न विचारता?” तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर दोघांनाही ते ऐकू आलं. मग रविराजला हसू फुटलं, कसनुसं, आणि त्या हसण्यातच त्याचे डोळे भरून आले. सगळं घर विकायला निघालेला माणूस, दोन खोल्यांसाठी भांडायला उठला होता. मनकर्णाबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लहानपणी ताप आला की त्या अशाच हात ठेवून बसायच्या, ताप आपला आपण उतरेपर्यंत.

तो उठून जिना चढून वर गेला. बराच वेळ वरून त्याच्या चालण्याचा आवाज येत होता. या खोलीतून त्या खोलीत, गच्चीत, परत आत. मनकर्णाबाईंनी ताटं धुतली, ओटा पुसला, कोथिंबीर निवडायला घेतली. गेल्या काही वर्षांत तो वर इतका वेळ कधी थांबला नव्हता. खाली आला तेव्हा चेहरा धुतलेला होता. “गच्चीवर कपडे वाळत घालायला तार नाही,” तो म्हणाला. “लेकरू झाल्यावर लंगोट कुठं वाळत घालतील?” “दोरी बांधतील.” “दोरी कुजते. पिशवी दे, मी जाऊन येतो.” उत्तरेश्वररावांच्या दुकानातून तो तार, दोन हूक आणि मागच्या पायरीसाठी लोखंडी पाइप घेऊन आला. बापाचा ड्रिल माळ्यावरून काढला. संध्याकाळपर्यंत पायरीला धरायला दांडा लागला होता, आणि गच्चीवर तार इतकी ताणून बसवली होती की बोट लावलं तर ती वाजायची. मग ओट्यावर बसून त्यानं मोबाईल काढला, जाहिरात उघडली आणि आईच्या देखत काढून टाकली. “किती जणांनी बघितली होती?” त्यांनी विचारलं. “खूप.” “आवडलं असेल मग,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखरच अभिमान वाटला.

अभिमन्यू आणि धनश्रीचं सामान पुढच्या आठवड्यात एका लहान टेम्पोतून आलं. फार नव्हतंच. एक पलंग, पुस्तकांची खोकी, शिलाई मशीन, तुळशीचा डबा. उत्तरेश्वरराव दारात उभं राहून सगळं मोजत होते आणि शेवटी त्यांनीच पलंगाचं एक टोक धरलं. करार झाला होता, नोंद झाली होती. नव्या ओट्यावर दूध उतू घालायला धनश्रीनं त्यांना वर बोलावलं, पण त्या म्हणाल्या, तुमचं तुम्ही करा, मी उद्या येते. खाली त्या एकट्याच बसल्या होत्या, पश्चिमेच्या भिंतीच्या गिलाव्यासाठी कुणाला बोलवावं याचा विचार करत. या पावसाआधी ते करून टाकायचं होतं. जिन्यात पावलं वाजली. धनश्री अर्ध्या जिन्यावर थांबून, कठड्याला धरून, खाली वाकून विचारत होती, “काकू, भिंतीला एक खिळा मारू का? घड्याळ लावायचंय.”

मनकर्णाबाईंनी वर बघितलं. “कुठल्या भिंतीला?”

“पुढच्या खोलीत. दारासमोर.”

“मार,” त्या म्हणाल्या. “दिव्याच्या बटणाच्या बरोबर वर नको, तिथून वायर गेलीय. वीतभर डावीकडं घे. तिथं वीट चांगली लागलीय.”

धनश्री वर गेली. थोड्या वेळानं हातोडीचे ठोके ऐकू यायला लागले, आधी हळू, घाबरत, मग जोरात. मनकर्णाबाई पंख्याखाली बसून ऐकत राहिल्या. खिळा आत चालला होता.